शेंदऱ्या देवाची खोळ

जालन्याच्या इतिहास मंडळानं मला दिलेलं काम मी घरी पत्रात कधी लिहिलं नाही. आईला वाचता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे, आणि वाचणाऱ्यानं आधी स्वतः पोटभर हसून घेतलं असतं. काम असं होतं: गोदावरीकाठच्या एका गावात जाऊन राहायचं, वेशीजवळच्या शेंदूरमाखल्या देवासमोर बसायचं, आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर आपणहून गळून पडेल त्या दिवसाची वाट बघायची. बाकी काही करायचं नाही. हात तर बिलकुल लावायचा नाही.

वाट बघणं माझ्या अंगात नव्हतंच. बसलो की उजवा पाय आपोआप हलायला लागतो, अजूनही. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या. वडील गेले आणि तिसरीतून शाळा सुटली, तेव्हा सगळ्यात आधी त्या पायाला बरं वाटलं असेल. पुढे लग्न झालं, खाणारी तोंडं वाढली, कोकणातली आमची दोन वाफ्यांची जमीन पुरेना. गावचा एक फिटर जालन्याच्या जिनिंग फॅक्टरीत होता. त्याच्या ओळखीनं मी इतक्या लांब, निजामाच्या मुलखात येऊन पडलो.

पहिल्याच हंगामात हिवतापानं धरलं. फॅक्टरीचे शेठजी मारवाडी. त्यांच्या पणजोबांच्या वेळेला घराणं राजस्थानातून आलेलं. त्यांनी मला घालवून दिलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं, कारण मी तेव्हा कुणाचाच कोणी नव्हतो. पण त्यांनी गोदामाशेजारची खोली दिली, वर देखभालीला माणूस ठेवला. आणि संध्याकाळी त्यांच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येणारे एक म्हातारे मास्तर होते, ते खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुमच्याकडं आजाऱ्याला काय देतात?"

"पेज," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून पेज यायला लागली. ज्वारीच्या मुलखात तांदूळ म्हणजे सणाचं धान्य. मास्तरांच्या घरी तो कुठून आला, कुणाचा थांबवला, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या पेजेची चव मात्र तोंडात राहिली, आणि हे मंडळाचं काम मी घेतलं ते त्या चवीपायी.

मंडळ म्हणजे शेठजींच्या पेढीच्या माडीवरची एक खोली. फुटक्या मूर्ती, तांब्याचे जुने पैसे, गंजकी हत्यारं, कुणाकुणाच्या घरातून आलेली मोडी दप्तरं. शेठजी खर्च करत, एक वकीलसाहेब चिटणीस होते, आणि जुनी अक्षरं वाचायला मास्तर. चार माणसं जमायची तर सरकारची परवानगी लागे. वकीलसाहेब दर बैठकीआधी अर्ज करत आणि बैठकीत काय बोलणं झालं तेही लिहून पाठवत. पोलिसांनी ते वाचून काय केलं असेल कोण जाणे. कुठल्या बारवेच्या कुठल्या पायरीवर काय कोरलंय, हेच त्यात असायचं.

मास्तरांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे शाळेत अर्धवट राहिलेलं लिहिणं. दुसरी, दगडाचा ठसा घेणं. जाड कागद ओला करायचा, कोरलेल्या दगडावर अंथरायचा, घोड्याच्या केसांच्या ब्रशानं ठोकत ठोकत अक्षरांत बसवायचा, आणि अर्धवट वाळला की काजळीच्या शाईचा बोळा वरून हलक्या हातानं टेकवत जायचं. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. जुन्या जालन्यातल्या किती पायऱ्या आणि कबरी आम्ही अशा कागदावर उतरवल्या. हे काम करताना माझा पाय हलत नसे. ते मास्तरांनीच पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "तुला हेच काम द्यायला पायजे."

आता त्या देवाविषयी. मास्तर तरणे असताना त्या गावात पोरं शिकवायला होते. वेशीजवळ माणसाच्या छातीएवढा उभा दगड, त्यावर पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढवलेला. देवाचा आकार असा नाहीच, नुसतं तांबडं ढेकूळ. लोक शेंदऱ्या देव म्हणत. शेंदराचे थर वाढत वाढत जाड झाले की एखाद्या दिवशी ते सगळं कवच आपोआप सुटून खाली येतं. त्याला गावात म्हणत, देवानं खोळ टाकली. मास्तर तिथं असताना एकदा खोळ पडली. ते धावत गेले आणि उघड्या दगडावर त्यांना ओळीनं कोरलेली अक्षरं दिसली. वाचता एकही आलं नाही. ती जुनी वळणं त्यांना तेव्हा माहीत नव्हती. देव उघडा ठेवायचा नाही, दिवस मावळायच्या आत अंगावर शेंदूर चढलाच पाहिजे, असा रिवाज. त्यांच्या डोळ्यांदेखत गुरवानं ओंजळीनं शेंदूर थापला आणि ओळी बुजल्या.

"त्या दिवसानंतर मी जुनी अक्षरं शिकायला लागलो," ते म्हणत. "बाकीचं सगळं वाचलं. तेवढं राह्यलं."

आणि आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. एका डोळ्यानं दिसतच नव्हतं, दुसऱ्यासमोर धुकं. ठशावरची मोठी पांढरी अक्षरं उन्हात धरली तर अजून लागत. आणखी किती दिवस तेवढं दिसेल, हे डॉक्टरही सांगेना. मंडळाला घाई होती ती एवढ्याचसाठी. खोळ पडेल त्या दिवशी, नवा शेंदूर चढायच्या आत कुणीतरी कागद घेऊन तिथं हजर पाहिजे होतं.

चैत्र संपला, जिन बंद झालं, हंगामाची माणसं आपापल्या गावी निघाली. मीही निघालो असतो. बायकोला तसं कळवलंही होतं. थांबायला मास्तरांनी सांगितलं नाही, शेठजींनी सांगितलं. "अरे भाई, अर्धा पगार चालू ठेवतो. उन्हाळ्यात तेल पातळ होतं, खोळ ढिली होते, गुरव असं म्हणतो. महिनाभराची तर गोष्ट आहे." मी हो म्हणालो. घरी लिहिलं, 'शेठजींचं काम निघालं आहे.' खोटं नव्हतं ते.

मोटार अंबडपर्यंत, पुढे तीर्थपुरीपर्यंत बैलगाडी, तिथून पायी. कागदाची गुंडाळी तेलकट फडक्यात बांधलेली, काजळीची डबी, ब्रश. गुरव म्हातारा, कमी बोलणारा. त्याची बायको मात्र त्याच्या वाट्याचंही बोलायची. मी तिला मावशी म्हणायला लागलो. गुरवापुढं मी ठशाचं सगळं मांडलं. तो बराच वेळ कागद चाचपत राहिला आणि म्हणाला, "देव उघडा ऱ्हायाला न्हाई पायजे. हे कागद म्हंजी वस्त्रच झालं की. आंघोळ करून ओलेत्यानं घाला. पर शेंदराला आधी हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

"खोळ आपल्या मनानं पडंल."

"कधी पडेल असं वाटतं?"

"त्याला इचारा," मावशी देवाकडं बोट करून म्हणाली. "त्यो काय माज्या नवऱ्यासारखा घुम्या न्हाई. सांगंल."

गावाला माझी ओळख एका दिवसात झाली. पाटलांना मात्र माझी काळजी लागली. परगावचा माणूस, धंदा न्हाई, पाणी न्हाई, वेशीत बसून देवाकडं टक लावून बघतो. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब विचारणार. पाटील रोज सकाळी चक्कर टाकायचे.

"काय कोकणे, पडली का?"

"नाही पाटील."

"बसा, बसा. अमीनसाहेबाला काय लिव्हू? कोकणातून एक माणूस आल्ता, देवाचं कापडं फेडायची वाट बघून राह्यला?"

पारावरची माणसं हसायची. मीही हसायचो, काय करणार. हसता हसता पाय हलतच असे.

वैशाख गेला. दगडाच्या खांद्याजवळ एक भेग पडली, केसाएवढी. मी दर सकाळी आधी ती बघायचो. कधी वाटे रुंदावली, कधी वाटे माझेच डोळे थकले. एक खिळा सहज मिळाला असता, एक टिचकी पुरली असती. रात्री पडल्या पडल्या मनात तेच यायचं, आणि सकाळी देवासमोर गेलो की लाज वाटायची. ज्येष्ठ गेला. पेरण्या झाल्या. पाऊस लागला तशी भेग फुगून बंद झाल्यासारखी दिसायला लागली. माझं तर अन्न गोड लागेना.

वकीलसाहेब एकदा येऊन गेले. टोपी हातात घेऊन देवाभोवती फिरले, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "थोडं रॉकेल सोडलं भेगेत तर? कुणाला कळतंय?"

"साहेब, मला कळेल," मी म्हणालो. एवढं बोलायची हिंमत मला कुठून आली, माहीत नाही. नंतर दिवसभर भीती वाटत राहिली, की हे शेठजींच्या कानावर जाईल आणि गोदामाशेजारची खोली जाईल. वकीलसाहेब रागावले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "मास्तरांना आता वर्तमानपत्र वाचून दाखवावं लागतं. मथळेसुद्धा लागत नाहीत."

म्हणजे ठसा मिळाला तरी फार उशीर झालेला असेल का, हे विचारायचं धाडस झालं नाही. ते मोटारीसाठी निघून गेले आणि मी भेगेकडे बघत बसलो. बसवेना, उठवेना. दसरा जवळ येत होता. दिवाळीनंतर जिन सुरू होणार, तेव्हा मला परत जावंच लागणार. गावी बायकोनं दुसऱ्याच्या हातानं चार ओळी पाठवल्या होत्या: भात पोसवलाय, तुम्ही नाही. बस.

मावशीच्या हाताला त्या दिवसांत संधिवातानं धरलं होतं. पाट्यावर वाटण वाटवत नव्हतं तिला. मी बसून बसून वेडा होत होतो, म्हणून म्हणालो, द्या इकडे. मग रोज सकाळी येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या, आमटीचं वाटण मी वाटायला लागलो. बाया दारातून डोकावून जायच्या. एक जण म्हणाली, "मावशे, असा पाव्हणा आमालाबी एक आणून दे गं." पाट्यावर जोर लावताना पाय हलत नाही, हे मला तिथं कळलं.

खोळ पडली तेव्हा मी पाट्यावर होतो.

वेशीकडून कुणीतरी ओरडलं. काय ओरडलं ते कळलं नाही, पण मला कळलं. तसाच मिरचीच्या हातांनी धावलो. देव उघडा होता. काळा, तेलानं चमकणारा, माझ्या डोळ्यांना अगदी लहान वाटला. पायाशी खोळ पडली होती, दोन मोठे तुकडे आणि बाकी चुरा. इतके महिने मी त्या क्षणासाठी बसलो होतो आणि त्या क्षणी तिथं एक शेळी होती, बस.

पाटील आले, माणसं जमली. कुणीतरी म्हणालंच, "कोकण्यानं काही केलं तर न्हाई?"

मावशी कंबरेवर हात ठेवून पुढं झाली. "काय केलं? माज्या पाट्यावर मिरच्या रगडून राह्यला होता त्यो. हात हुंगून बघा त्याचं. आन हुंगून झाल्यावर डोळ्याला लावा."

पाटलांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "जल्दी आंघोळ करून या. दिवस काय थांबायचा न्हाई."

विहिरीवर घागर अंगावर ओतली, ओलेत्यानं देवापुढं उभा राहिलो. अक्षरं होती. मास्तरांनी म्हटल्याप्रमाणे ओळीनं, पण उथळ, झिजलेली, काळ्यात काळी. कागद ओला करून अंथरला. बसेना. ब्रश ठोकला की कागद सरकायचा. दगडानं इतकी वर्षं तेल प्यायलं होतं, तो पाणी घेतच नव्हता. जुन्या जालन्याच्या कोरड्या पायऱ्यांवर हात बसलेला माझा. तेल प्यालेल्या दगडावर काय होईल हे मला सुचलं नाही, मास्तरांना नाही, मंडळात कुणालाच नाही. दुसरा कागद घेतला. राखेनं दगड पुसायची परवानगी मागितली, गुरवानं दिली. तरी तेच. शाईचा बोळा टेकवला तर सगळा कागद सरसकट काळा झाला, मध्ये तेलाचे पिवळे डाग. तिसरा फाटला.

मग डोळ्यांनी बघून उतरवायला लागलो. मुंग्या काढल्यासारख्या त्या आकृत्या. कुठली रेघ अक्षराची आणि कुठली दगडाची, कळत नव्हतं. ऊन उतरलं. गुरव शेंदराचं ताट घेऊन मागं येऊन उभा राहिला होता, घाई न करता. त्याचं ते थांबणं मला जास्त लागलं. मी बाजूला झालो. त्यानं ओंजळीनं शेंदूर थापला. ओळी बुजल्या.

मास्तरांना काय सांगायचं? एवढंच डोक्यात फिरत होतं. ओलं धोतर अंगावर वाळत होतं आणि मी वेशीच्या दगडावर बसलो होतो. मावशी लिंबाच्या पाल्यावर खोळ उचलून ठेवत होती, नव्या टोपलीत. पौर्णिमेला ती वाजतगाजत नेऊन गंगेत सोडायची. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. तिचे हात दुखत होते, म्हणून मोठा तुकडा उचलायला तिनं मला हाक मारली. मी खालून हात घातला.

आतली बाजू बोटांना खरबरीत लागली. नुसती खरबरीत नाही, ओळीनं. मी तुकडा उलटा केला. दगडात जे खोल होतं ते इथं वर उठलेलं होतं. तांबड्या शेंदरात उभी अक्षरं, आरशात बघितल्यासारखी उलटी, पण दगडावरच्यापेक्षा कितीतरी ठसठशीत. त्या वेळच्या गुरवानं जो पहिला थर घाईनं थापला, तोच सगळ्यात आत होता. मास्तरांच्या डोळ्यांदेखत ज्यानं ओळी बुजवल्या, तोच.

मला ओरडावंसं वाटलं. पण लगेच एकेक अडचण आठवली. मास्तरांना दिसत नाही. उलटी अक्षरं मला येत नाहीत. शेंदरावर ओला कागद ठेवून ठोकला तर खोळीचा चुरा होईल. आणि पौर्णिमा तीन-चार दिवसांवर. मी डोळे मिटून एका अक्षरावरून बोट फिरवलं. काय होतं ते समजलं नाही, पण वळण समजलं. बोटाला समजलं.

पाटलांकडे गेलो. "मास्तरांना घेऊन येतो. खोळ पाण्यात सोडायच्या आधी थोडा वेळ त्यांच्या हातात द्या."

"त्यांना तर दिसत न्हाई म्हनं. वाचणार कशानं?"

"हातानं."

पाटील हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचे थांबले. "सोहळा सोहळ्यासारखा व्हईल. घाटावर आरती व्हती. आरती संपंस्तोर खोळ त्यांच्या हातात. आरती संपली का पाण्यात. बराबर?"

"बराबर."

जालन्याला पोहोचलो तो माझा अवतार बघून शेठजी उठूनच उभे राहिले. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. पावलांवरून ओळखलं त्यांनी मला. ठसा बिघडला हे आधी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, इतकी हळू की मला रडू आलं. मग खोळीचं सांगितलं. ते म्हणाले, "उलटी? उजवीकडून डावीकडं वाचायचं म्हणजे. उर्दू वाचतोच की आपण तशी." आणि चपला शोधायला लागले.

शेठजींनी टांगा दिला, वकीलसाहेब बरोबर आले. रस्ताभर मास्तर आपल्याच धोतराच्या काठावर बोटं फिरवत होते. माझा पाय हलत होता, टांग्याच्या धक्क्यांनी नाही, आपोआपच, आणि त्यांनी तो हातानं दाबून धरला.

पौर्णिमेला पुढे हलगी, मागे टोपली डोक्यावर घेतलेला गुरव, आणि सगळं गाव. घाटावर वकीलसाहेबांनी पाटलांना हळूच बाजूला घेतलं. "एक तुकडा मंडळाला मिळाला तर नीट काचेत ठेवू."

"वकीलसाहेब, तुमचं नख पडलं तर आमी काचंत ठिवावं का?"

मग वकीलसाहेब स्वतःच खाली बसून मोठा तुकडा पालथा करून मास्तरांपुढं धरून राहिले. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आरती सुरू झाली.

मास्तरांनी उजव्या कडेपासून बोटं ठेवली. पहिल्या ओळीवर त्यांची बोटं पुढं जाऊन मागं आली, पुन्हा गेली. आरतीचं एक कडवं संपलं. दुसरं संपलं. माझी पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली. मग त्यांच्या तोंडून एक अक्षर आलं, मग दोन. "द... ला दुसरी वेलांटी. प. पुढं... त ला मात्रा. ल." मी लिहीत होतो. घाई न करण्यासाठी त्यांना किती जोर लागत असेल, हे त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

आरती संपत आली. टाळ्यांचा वेग वाढला. ओळी अर्ध्याही झाल्या नव्हत्या. मी गुरवाकडं बघितलं. तो आमच्याकडंच बघत होता. शेवटचं कडवं संपलं, टाळ्या थांबणार, तेवढ्यात त्या घुम्या माणसानं डोळे मिटून दुसरी आरती धरली, गणपतीची. गावानं उचलली. ती संपली तर मावशीनं देवीची धरली, बायांनी तिला साथ दिली. हलगीवाल्याला काय चाललंय ते कळलं आणि त्यानं ठेका संथ केला. शंकराची झाली, विठ्ठलाची झाली. एकदा सगळे थांबले. कुणाला पुढची सुचेना. मास्तरांची बोटं शेवटच्या ओळीवर होती. तेव्हा पाटलांनी खाकरून स्वतः एक आरती सुरू केली, भसाड्या आवाजात, शब्द निम्मे चुकलेले. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर आरती तुटली असती.

मास्तरांनी हात काढला. "एवढंच. पुढं कड फुटलीय."

पाटील मध्येच थांबले. "काय लिव्हलंय, मास्तर?"

"देवापुढं रोज दिवा लावावा, त्याच्या तेलाची सोय करून ठेवलीय, चंद्रसूर्य आहेत तोवर. कुणी केली त्याचं नाव कडंला होतं. तेवढं चुऱ्यात गेलं."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मावशी म्हणाली, "दिवा? त्यो तर आमी रोज लावतोच की. एवढं दगडावर कशाला लिव्हून ठिवायचं?"

घाटभर हसू उठलं. सगळ्यात जास्त मास्तर हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग गुरव कमरेएवढ्या पाण्यात गेला. टोपली वाकडी केली, तांबडं पाणी थोडा वेळ वेगळं दिसत राहिलं, मग नदीच्या पाण्यात मिसळून गेलं. वकीलसाहेब ते शेवटपर्यंत बघत उभे होते.

परतताना टांग्यात बसण्याआधी मास्तरांनी हात धुतले नाहीत. दोन्ही तळवे गुडघ्यावर उघडे, रेघारेघांत शेंदूर. माझ्या अक्षरातला कागद मी तीनतीनदा चाचपून बघत होतो, कुठे वाऱ्यानं गेला तर. अंबडच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुझं घर कुठल्या बाजूला रे?"

मी मावळतीकडं बोट केलं. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी त्यांचा हात धरून तिकडे वळवला.

"लांब आहे?"

"लांब आहे."

"दिवाळीला जाऊन ये. जिन काय, चार दिवस उशिरा चालू झालं तर बुडत नाही. शेठजींना मी सांगतो."

ते सांगतील, हे मला माहीत होतं. तरी शेठजी काय म्हणतील, हा घोर जालना येईपर्यंत गेला नाही. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचा शेंदूर लागला होता. तो मी पुसला नाही, आणि धोतराला लागून निघू नये म्हणून हात जरा लांब धरूनच बसलो.